जाणत्यांचीं भांडणें

आमच्या सुशिक्षित घरांतील भांडणांची भाषा गेल्या दोन-तीन पिढ्यांत बरीच पालटली आहे. पूर्वीं एखाद्यास हट्टी, कोपिष्ट, आपमतलबी किंवा आंतल्या गांठीचा म्हटलें म्हणजे बोलणारा मोकळा होत असे. आतां त्याच मनुष्यास न्यूनगंड आहे, त्याचा अहंकार दुखावला आहे, त्याची दृष्टि पूर्वग्रहानें दूषित झाली आहे, असें सांगण्यांत येतें. शब्द शास्त्रांतले असल्यामुळें ते अधिक सभ्य वाटतात. परंतु ज्याच्या अंगावर ते पडतात त्यास विचारलें असतां ते अधिक झोंबतात, असेंच तो सांगेल. हट्टी म्हटलेल्या मनुष्यास उलट हट्टी म्हणण्याची सोय होती. ज्याच्या मनाचें निदान समोरच्यानें करून टाकलें, त्यानें काय करावें? वैद्याशीं रोग्यानें वाद घालावयाचा नसतो.

मानसशास्त्राचा संसारांत असा उपयोग होऊं लागलेला पाहून आम्हांस एक प्रश्न पडतो. या शास्त्राकडून लोकांची अपेक्षा अशी दिसते कीं, मन कोठें चुकतें हें एकदां कळलें म्हणजे चुका टळतील, आणि दुसऱ्याचें मन कोठें चुकतें हें त्यास पटवून दिलें म्हणजे तंटा मिटेल. अपेक्षा वाजवी आहे. परंतु ती खरी असेल, तर तिचा पुरावा सर्वांच्या आधीं कोठें सांपडावयास हवा? ज्यांनीं या चुका हुडकून काढल्या, त्यांना नांवें दिलीं, त्यांवर ग्रंथ लिहिले, त्या पंडितांच्याच व्यवहारांत. त्यांचे बेत आमच्या बेतांहून कमी फसले काय? त्यांचीं भांडणें आमच्या भांडणांहून लवकर मिटलीं काय? हें तपासण्याची सामग्री उपलब्ध आहे, कारण यांतील सर्वांत नामांकित पंडितानें आपल्या फजितीच्या हकीकती स्वतःच लिहून ठेवल्या आहेत.

हे पंडित म्हणजे डॅनियल काहनेमन (१९३४–२०२४) आणि त्यांचे जोडीदार एमॉस ट्वर्स्की (१९३७–१९९६). दोघेही जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठांत शिकवीत. १९६९ सालीं काहनेमन यांनीं आपल्या वर्गांत ट्वर्स्की यांस व्याख्यानास बोलाविलें. सामान्य मनुष्याचें मन संभवासंभवाचा हिशेब पुष्कळ अंशीं बरोबर करतें, अशा अर्थाचें संशोधन त्या काळीं अमेरिकेंत चाललें होतें. त्याची माहिती ट्वर्स्की यांनीं दिली. काहनेमन यांस तें मुळींच पटलें नाहीं, आणि तें त्यांनीं तेथल्या तेथें बोलून दाखविलें. या खडाजंगींतून त्यांच्या मैत्रीचा आरंभ झाला. मनुष्याच्या अटकळी कोणत्या आडवाटांनीं जातात याचा दोघे मिळून शोध घेऊं लागले. पहिला निबंध १९७१ सालीं निघाला. त्यांत त्यांनीं असें दाखविलें कीं, गणितांत मुरलेले संशोधकसुद्धां चार-दोन उदाहरणांवर नको तितका विश्वास टाकतात. ज्यांच्याकडून उत्तरें घेतलीं, त्यांत संख्याशास्त्राचीं पाठ्यपुस्तकें लिहिणारे दोघे होते! निबंधावर कोणाचें नांव आधीं घालावयाचें, हें त्यांनीं नाणें उडवून ठरविलें, आणि पुढें आळीपाळीनें नांवें घालीत गेले. दोन विद्वानांमध्यें हा प्रश्न किती ज्वालाग्राही असतो, हें ज्यांनीं आमच्या वाङ्मयीन संस्थांचा कारभार जवळून पाहिला आहे त्यांस सांगावयास नको.

१९७३ सालीं त्यांनीं दाखविलेली एक गोष्ट प्रस्तुत विषयाच्या फार उपयोगाची आहे. एखादी गोष्ट कितपत वारंवार घडते याची अटकळ बांधतांना मन मोजदाद करीत बसत नाहीं. जें चटकन् आठवतें तें फार घडतें, असें धरून चालतें. एरवीं ही युक्ति चालून जाते. घरांत मात्र ती फसते, आणि ती कशी फसते हें कॅनडांतील मायकेल रॉस व फिओरे सिकोली या दोघांनीं १९७९ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत पाहावयास मिळतें. त्यांनीं नवराबायकोंस वेगवेगळें बसवून विचारलें, कीं स्वयंपाक, झाडलोट, मुलांची देखभाल इत्यादि कामांत तुमचा वांटा किती? दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेक बाबतींत शंभरांच्या वर गेली. येथवर ऐकून कोणीही म्हणेल, यांत नवल तें काय. जो तो आपली फुशारकी मारणारच. परंतु त्याच यादींत भांडण उकरून काढण्यासारख्या कमीपणाच्या गोष्टीही होत्या, आणि तेथेंही बेरीज शंभरांच्या वरच गेली. आपल्या हातून घडणाऱ्या बऱ्यावाइटाचा दोघेही जरा जादाच हिशेब देत होते. कारण उघड आहे. मी पहांटे उठून पाणी भरलें तें मीं पाहिलें. तिनें रात्रीं दहा वाजतां उद्यांच्या डब्याची तयारी केली, तेव्हां मी झोंपलों होतों. म्हणजे ‘घरांतलें सगळें मलाच करावें लागतें’ असें जेव्हां दोघेही म्हणतात, तेव्हां दोघांपैकीं कोणीही खोटें बोलत नसतो. आमच्या मतें हा शोध मोठा शांतिदायक आहे. तथापि तो ठाऊक झाल्यानें ती भावना नाहींशी होते असें मात्र नाहीं. काहनेमन यांचा दावा इतकाच आहे, कीं आपल्या वांट्यास जास्त आलें असें वाटूं लागेल तेव्हां, बाकीच्यांसही तसेंच वाटत असण्याचा संभव आहे, एवढें लक्षांत असूं द्यावें.

आतां आमच्या मूळ प्रश्नाकडे वळूं. १९७० नंतरच्या दशकांत काहनेमन यांनीं इस्रायलच्या शिक्षणखात्यास असें पटवून दिलें, कीं निर्णय कसे घ्यावे हा विषय माध्यमिक शाळांत शिकवावा. त्यासाठीं पाठ्यपुस्तक लिहावयाचें ठरलें. एक मंडळ नेमलें गेलें. त्यांत कांहीं अनुभवी शिक्षक होते, काहनेमन यांचे विद्यार्थी होते, आणि अभ्यासक्रम तयार करण्याच्या कामांतले तज्ज्ञ, विद्यापीठाच्या शिक्षणविभागाचे प्रमुख सेमूर फॉक्स हेही होते. दर शुक्रवारीं दुपारीं बैठक भरे. वर्षभरांत आराखडा झाला, दोन-चार प्रकरणें लिहून झालीं, वर्गांत नमुन्याचे पाठही देऊन झाले. काम झकास चाललें आहे असें सर्वांस वाटत होतें.

एके दिवशीं अनिश्चित गोष्टींचा अंदाज कसा घ्यावा या विषयावर चर्चा चालली असतां काहनेमन यांनीं एक प्रयोग केला. आपलें पुस्तक पुरें होऊन शिक्षणखात्याच्या हातीं पडण्यास किती काळ लागेल, हें प्रत्येकानें एकमेकांस न दाखवितां कागदावर लिहावें. (सभेंत आधीं मोठ्यानें बोलणाऱ्याच्या मागें बाकीचे वाहवत जातात, म्हणून ही दक्षता.) कागद उघडले तेव्हां सर्वांचे अंदाज दोन वर्षांच्या आसपास निघाले; कोणी दीड म्हटलें होतें, कोणी अडीच. मग काहनेमन यांना आणखी एक प्रश्न सुचला. त्यांनीं फॉक्स यांस विचारलें, ‘आपल्यासारखीं दुसरीं मंडळें तुम्हीं पाहिलींच असतील. याच टप्प्यापर्यंत पोंचल्यावर त्यांना पुढें किती काळ लागला?’ फॉक्स कांहीं वेळ गप्प राहिले. मग ओशाळून म्हणाले, कीं हा विचार आजवर मनांत आला नव्हता; परंतु अशा मंडळांपैकीं सुमारें ४० टक्क्यांनीं काम सोडूनच दिलें. ज्यांनीं पुरें केलें, त्यांतील कोणास सात वर्षांहून कमी काळ लागल्याचें त्यांना आठवेना. दहांहून अधिकही कोणास लागला नव्हता. आपलें मंडळ त्यांच्याहून सरस आहे काय, असें विचारतां उत्तर आलें, कीं नाहीं, किंचित् कमीच. पण फार कमी नव्हे.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. ही माहिती ज्यांच्या डोक्यांत होती, त्या फॉक्स यांनींच थोड्या वेळापूर्वीं कागदावर दोन वर्षांच्या आसपासचा आंकडा लिहिला होता! त्यांची विद्या खरी होती, पण ती मनाच्या ज्या कप्प्यांत होती, तेथें कोणी प्रश्न विचारल्यावांचून ती बाहेर पडेना. स्वतःच्या कामाकडे आंतून पाहणारा मनुष्य आपला उत्साह, आपली तयारी, आपले सोबती एवढेंच पाहतो. त्याच प्रकारचीं दुसऱ्यांचीं कामें कशीं झालीं, हें पाहण्यास बाहेर येऊन उभें राहावें लागतें. ‘आंतून पाहणें’ आणि ‘बाहेरून पाहणें’ हा भेद काहनेमन व ट्वर्स्की यांनीं पुढें शास्त्रांत रूढ केला, आणि बेत आंखतांना होणाऱ्या या चुकीस १९७९ सालीं नांवही दिलें. घर बांधावयास काढलेल्या गृहस्थास त्या नांवाची गरज नाहीं.

परंतु खरी गंमत पुढेंच आहे. फॉक्स यांचें उत्तर ऐकून मंडळानें काय केलें? निर्णयशास्त्राचें पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्या त्या शहाण्या माणसांनीं थोडा वेळ घुटमळून, जणूं कांहीं झालेंच नाहीं, अशा रीतीनें काम पुढें चालू ठेविलें. दहांत चार वेळां निष्फळ ठरणारें सात वर्षांचें काम त्या दिवशीं कोणी नव्यानें हातीं घेतलें नसतें. हातीं असलेलें मात्र कोणास टाकवेना. पुस्तक पुरें व्हावयास आणखी आठ वर्षें लागलीं. तोंवर काहनेमन देश सोडून गेले होते, शिक्षणखात्याचा उत्साह मावळला होता, आणि तें पुस्तक कधींच वापरलें गेलें नाहीं.

असाच दुसरा प्रकार फार उशिरां घडला. २०११ सालीं काहनेमन यांचा ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’ हा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. त्यांतील एका प्रकरणांत, नकळत डोळ्यांपुढून गेलेल्या शब्दांनीं मनुष्याचें वर्तन कसें पालटतें, याविषयींचे पुष्कळ प्रयोग त्यांनीं मोठ्या खात्रीनें सांगितले. पुढें त्या जातीच्या प्रयोगांपैकीं बरेच पुन्हा करून पाहतां उतरेनात. ते थोडथोड्या माणसांवर केलेले होते. १९७१ च्या पहिल्याच निबंधांत ज्या चुकीवर बोट ठेविलें, तीच चूक सेहेचाळीस वर्षांनीं आपल्या पदरीं आली, हें काहनेमन यांनीं २०१७ सालीं उघड मान्य केलें. इतक्या मोठ्या लौकिकाच्या मनुष्यानें तें मान्य करावें यांत त्यांचा मोठेपणा आहेच. पण आमचें लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे जातें. एखादा दोष आपण स्वतः शोधला असला, तरी तो आपल्यास चुकून सोडीत नाहीं.

या जोडीच्या मैत्रीची अखेर आम्ही थोडक्यांतच सांगतों. १९७८ सालीं दोघेही उत्तर अमेरिकेंत गेले. ट्वर्स्की स्टॅनफर्डला, काहनेमन कॅनडांत व्हँकूव्हरला. संयुक्त कामाचा मोठेपणा जग हळूहळू ट्वर्स्की यांसच देऊं लागलें. १९८४ सालीं मॅकार्थर फाउंडेशनची मानाची वृत्ति एकट्या ट्वर्स्की यांस मिळाली. काहनेमन यांच्या मनांत ती सल राहिली, आणि ट्वर्स्की आपल्या बाजूनें तें बोलून दाखवीत नाहींत, ही त्याहून मोठी. नाणें उडवून ठरविलेला नांवांचा क्रम दोघांनीं पाळला, पण जगाच्या मापाला तो बांधून घेणार कसा? कोणाचा वांटा किती, हा रॉस-सिकोली यांनीं नवराबायकोंस विचारलेला प्रश्न या दोघांमध्येंही उभा राहिला होता, असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु परक्यांच्या मनाचें निदान करूं नये म्हणून आम्हीं आरंभींच तक्रार केली आहे, तेव्हां तो मोह आवरतों. मायकेल लुइस यांच्या २०१६ च्या पुस्तकांत ही सर्व हकीकत आहे. आपली मैत्री संपली, असें काहनेमन यांनीं सांगितल्यानंतर थोड्याच दिवसांत ट्वर्स्की यांचा फोन आला, कीं डॉक्टरांनीं कांहीं महिन्यांची मुदत दिली आहे. ते महिने दोघांनीं एकमेकांशीं बोलण्यांत आणि आपल्या लेखांच्या संग्रहाची तयारी करण्यांत घालविले. २ जून १९९६ रोजीं ट्वर्स्की वारले. संग्रह २००० सालीं निघाला. नोबेल पारितोषिक काहनेमन यांस २००२ सालीं मिळालें. तें मृतांस देत नाहींत.

इतकें वाचून कोणी म्हणेल, मग या शास्त्राचा उपयोग तो काय? आमचें उत्तर असें, कीं ज्ञानानें जेथें हात टेकले, तेथें कांहीं साध्या व्यवस्थांनीं काम केलें, आणि त्या व्यवस्था याच मंडळींनीं शोधल्या. पहिली १९५५ सालची आहे. एकवीस वर्षांचे काहनेमन तेव्हां इस्रायलच्या सैन्यांत होते. नव्या शिपायांच्या मुलाखती घेऊन कोण कोणत्या कामास योग्य, हें ठरविण्याची तेथील पद्धति निरुपयोगी ठरली होती. मुलाखत घेणारा मोकळेपणीं गप्पा मारी व शेवटीं मनास येईल तें मत देई. काहनेमन यांनीं सहा गुण ठरविले. प्रत्येक गुणासंबंधीं ठराविक प्रश्न विचारावयाचे, त्या गुणाला पांचांपैकीं आंकडा द्यावयाचा, आणि मगच पुढच्या गुणाकडे वळावयाचें. एकंदर मत बनवावयाचें नाहीं. मुलाखत घेणारे तरुण चिडले. आम्हांला यंत्रें बनवितां काय, असें ते म्हणूं लागले. तेव्हां त्यांची समजूत काढण्यासाठीं काहनेमन यांनीं शेवटीं एक गोष्ट जोडून दिली, कीं सहा आंकडे लिहून झाल्यावर डोळे मिटा, हा पोर शिपाई म्हणून कसा दिसतो तें मनांत आणा, आणि पांचांपैकीं एक आंकडा द्या. कांहीं महिन्यांनीं पलटणींतून अहवाल आले. नवी पद्धति जुनीहून पुष्कळ सरस ठरली. आणि डोळे मिटून दिलेला तो आंकडाही सहा आंकड्यांच्या बेरजेइतकाच खरा निघाला. म्हणजे अंतर्मनाचा कौल टाकाऊ नव्हे. तो आधीं घेतला तर टाकाऊ, शेवटीं घेतला तर कामाचा. घर विकत घेतांना, मुलासाठीं शाळा निवडतांना, नोकर ठेवतांना आम्ही बहुधा उलट क्रमानें जातों. प्रथम मन बसतें, आणि मग त्यास शोभतील अशीं कारणें जमविलीं जातात.

निर्णयाचें असें; पण मतभेदाचें काय? दोन विद्वानांचें पटेनासें झालें म्हणजे शास्त्रीय मासिकांत ठरलेला क्रम चालतो. एकानें टीका लिहावयाची, दुसऱ्यानें उत्तर द्यावयाचें, पहिल्यानें प्रत्युत्तर. अशा लिखाणांत कोणी ‘माझें चुकलें’ म्हटल्याचें सहसा आढळत नाहीं. या साऱ्या प्रकाराचा काहनेमन यांस मनस्वी तिटकारा होता. हा क्रम मोडणारें एक उदाहरण १९८८ सालचें आहे, आणि तें आम्हांस इतकें आवडतें, कीं त्यावर थोडें रेंगाळणार आहों.

वाद असा होता. कामाचें उद्दिष्ट वरून नेमून दिलें, तर माणसें तें तितक्याच मनापासून पार पाडतात काय, कीं तें त्यांच्याशीं विचारविनिमय करून ठरवावें लागतें? अमेरिका-कॅनडांत प्रयोग करणारे गॅरी लेथम यांस आढळलें होतें, कीं दोहोंत फरक पडत नाहीं. इस्रायलच्या मिरियम एरेझ यांस आढळलें होतें, कीं फरक पडतो, आणि तो मोठा पडतो. दोघेही नाणावलेले, दोघांचेही प्रयोग व्यवस्थित. एकमेकांवर लेख लिहिण्याऐवजीं त्यांनीं एक विलक्षण गोष्ट केली. एडविन लॉक हे दोघांचेही स्नेही होते. त्यांस मध्यस्थ नेमून तिघांनीं मिळून, आपले निकाल निराळे कां येतात याचीं संभाव्य कारणें लिहून काढलीं, आणि तीं तपासण्यासाठीं एकत्र प्रयोग आंखले. चार प्रयोगांअंतीं मुख्य कारण सांपडलें. एरेझ यांच्या प्रयोगांत नेमून दिलेलें उद्दिष्ट दोन शब्दांत, तोडून सांगितलें जात असे: एवढें करा. लेथम यांच्या प्रयोगांत तेंच उद्दिष्ट सांगतांना तें कां नेमलें याचीं कारणें दिलीं जात, आणि तुम्हांस हें जमेल असा विश्वासही दाखविला जात असे. दोघांच्याही निबंधांत ‘उद्दिष्ट नेमून दिलें’ एवढाच शब्द होता. कारणें सांगून नेमलेलें उद्दिष्ट विचारविनिमयानें ठरविलेल्या उद्दिष्टाइतकेंच परिणामकारक निघालें.

इतक्या वर्षांचा वाद शेवटीं सांगण्याच्या सुरावर येऊन ठेपावा, हें पाहून वाचकांस आपल्या घरची आठवण झाल्यास आमची हरकत नाहीं. ‘मीं सांगितलें होतें’ असें वडील म्हणतात, आणि ‘तुम्हीं फर्माविलें होतें’ असें मुलगा म्हणतो. प्रसंग एकच, आणि दोघेही आपल्या समजुतीप्रमाणें खरें सांगतात. लेथम व एरेझ यांचें वैशिष्ट्य एवढेंच, कीं ‘तुझें मत चुकीचें कां आहे’ या प्रश्नाच्या जागीं त्यांनीं ‘आपणां दोघांस निराळें कां दिसतें’ हा प्रश्न ठेविला. पहिल्या प्रश्नाचें उत्तर देण्यास एक मनुष्य पुरतो, दुसऱ्यास दोघे लागतात.

काहनेमन यांनीं ही रीत उचलली आणि तिला ‘विरोधकांचें सहकार्य’ अशा अर्थाचें नांव दिलें. २००१ सालीं त्यांनीं व त्यांच्या मतांचे एक टीकाकार राल्फ हर्टविग यांनीं, बार्बरा मेलर्स यांस मध्यस्थ नेमून, असा एक संयुक्त निबंध प्रसिद्ध केला. त्यांत या रीतीचे नियमही दिले आहेत. प्रयोगापूर्वींच प्रत्येकानें सांगावयाचें, कीं निकाल कसा लागला असतां मी माझें मत थोडें तरी बदलीन. निकाल विरुद्ध गेल्यास त्याचा अर्थ मी काय लावीन, हेंही आधींच सांगावयाचें. आणि हें सर्व मध्यस्थानें लिहून ठेवावयाचें, म्हणजे मागाहून ‘मी असें म्हटलेंच नव्हतें’ हा नवा तंटा उभा राहावयाचा नाहीं. आमच्या न्यायशास्त्रानें तत्त्वशोधासाठीं चाललेला वाद, जिंकण्यासाठीं चाललेला जल्प आणि स्वतःचा पक्षच न मांडतां केवळ खंडन करणारी वितंडा असे भेद फार पूर्वींच केले आहेत. परंतु जल्पाचा वाद कसा करावा, याची युक्ति म्हणून हे नियम पाहण्याजोगे आहेत. येथला मध्यस्थही आमच्या घरोघरच्या मामासारखा नव्हे. मामानें चूक कोणाची तें सांगावयाचें असतें. याच्याकडे फक्त कागद सांभाळण्याचें व प्रयोगावर नजर ठेवण्याचें काम. एवढें करूनही त्या वेळीं वाद मिटला नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. निकालांचे अर्थ दोघांनीं निराळेच लावले. मात्र मतभेद नेमका कोठें उरला, तें दोघांच्या सहीनें छापलें गेलें.

याहून अधिक यश काहनेमन यांस गॅरी क्लाइन यांच्याशीं वाद घालतांना आलें. क्लाइन यांनीं आगीच्या बंबावरील नायकांचा अभ्यास केला होता. एका घरांत मागच्या बाजूस स्वयंपाकघरांत आग लागली असतां बंबवाले पाण्याचा मारा करीत होते, आग हटेना. नायकास कांहींतरी विपरीत वाटलें. काय, तें त्यास सांगतां येईना, पण त्यानें सर्वांस बाहेर काढलें, आणि पाठोपाठ ते उभे होते ती जमीन खचली. आगीचें मूळ खालच्या तळघरांत होतें. मागाहून पाहतां खोली प्रमाणाबाहेर तापलेली होती आणि आगीचा आवाज फार कमी होता. अनुभवी मनानें तें जिभेच्या आधीं हेरलें होतें. अशा गोष्टी जमविणाऱ्या क्लाइन यांस, तज्ज्ञांच्या अंतर्ज्ञानाची टर उडविणारे काहनेमन-पंथी लोक आवडत नसत. उलट काहनेमन यांनीं उभें आयुष्य असे तज्ज्ञ पाहण्यांत घालविलें होतें, ज्यांची खात्री मोठी आणि भाकितें खोटीं. दोघांनीं सात-आठ वर्षें एकत्र चर्चा केली. मधून मधून प्रकरण हातघाईवर आलें. अखेर २००९ सालीं संयुक्त निबंध निघाला. मतभेद होण्यांत आपल्यास अपयश आलें, अशा अर्थाचा उपमथळा त्यांनीं त्यास दिला.

निष्कर्ष असा, कीं अंतर्मनावर विश्वास टाकण्यापूर्वीं दोन गोष्टी पाहाव्या. ज्या क्षेत्रांत तें बोलतें, तेथें कांहीं स्थिर नियम आहे काय? आणि तो नियम शिकण्याची संधि, म्हणजे पुष्कळ सराव आणि प्रत्येक वेळीं चूक-बरोबर कळण्याची सोय, त्या मनुष्यास मिळाली आहे काय? मनाची खात्री किती आहे, हें मुळींच विचारांत घेऊं नये. बंबवाले व परिचारिका या कसोटीस उतरतात. शेअरबाजाराचे भाकितकार व दूरच्या राजकारणाचे ज्योतिषी उतरत नाहींत. म्हणजे दोघेही आपआपल्या माणसांविषयीं बरोबर बोलत होते.

ही कसोटी घरांत लावून पाहावी. मुलाच्या कपाळावर हात ठेवून ताप किती आहे तें सांगणाऱ्या आईचा अंदाज मानावा. तिच्या हातांखालून अशा शेंकडों रात्री गेल्या आहेत, आणि प्रत्येक वेळीं थर्मामीटरनें लागलीच उत्तर दिलें आहे. पण तीच माउली जेव्हां ‘मुलगी उंबऱ्यांत आली तेव्हांच मीं ओळखलें’ असें सुनेसंबंधीं म्हणते, तेव्हां सबूर म्हणावें. आयुष्यांत सुना निवडावयाच्या किती? एक, फार तर तीन. आणि ज्या मुली नापसंत केल्या, त्या पुढें कशा निघाल्या हें तिला कधींच कळत नाहीं.

क्लाइन यांची एक युक्ति काहनेमन यांस विशेष पसंत पडली, ती येतां येतां सांगून टाकूं. एखादा मोठा बेत पक्का होण्याच्या बेतांत असतां सर्वांनीं बसून असें धरावें, कीं एक वर्ष लोटलें आहे आणि बेत सपशेल फसला आहे. मग तो कसा फसला याचा इतिहास प्रत्येकानें पांच-दहा मिनिटांत लिहावा. शंका काढणें म्हणजे अपशकुन करणें, असें ज्या घरांत समजतात, तेथें धाकट्यांस बोलण्याची सोय यानें होते. क्लाइन यांनीं हिला शवपरीक्षेवरून नांव दिलें आहे, फक्त ती मरणापूर्वीं करावयाची.

तो संयुक्त निबंध प्रसिद्ध झाल्यावर दोघांत आणखी कांहीं उरलें होतें काय? काहनेमन यांनीं तेंही प्रांजळपणें लिहिलें आहे. शास्त्राच्या मुद्द्यांवर त्यांचें बहुतेक एकमत झालें, पण आवडीनिवडी होत्या तेथेंच राहिल्या. ‘पूर्वग्रह’ हा शब्द ऐकला कीं क्लाइन यांच्या कपाळावर आंठी पडे, आणि आंकड्यांच्या सूत्रानें एखादा हास्यास्पद निर्णय दिल्याची गोष्ट ऐकून ते खूष होत. काहनेमन यांस असें सूत्र चुकलें तर तें सुधारण्याची संधि वाटे. एखाद्या गर्विष्ठ तज्ज्ञाची मात्र खोड मोडली, कीं त्यांस मनापासून आनंद होई.